शेवटचा पीळ

मी, वय बासष्ट, धंदा मैदानाची देखभाल व गवतकापणी, राहणार खेळाच्या मैदानामागची खोली. मैदानावर लहानथोर सगळे मला मिस्त्री म्हणतात. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, हवालदार बाईंनी विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी बायकोसह राहतो. मला एक मुलगी असून ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. एक मुलगा होता. तो मैदानाच्या कामात माझ्या हाताखाली असे. दोन वर्षांपूर्वी तो घर सोडून गेला. कुठे गेला हे मी कोणाला विचारलेलं नाही.

मैदानाच्या सेक्रेटरीसाहेबांनी काल तक्रार दिली आहे. माझ्या मुलाने राग मनात धरून, मला इजा व्हावी म्हणून गवत कापायच्या यंत्राचा बोल्ट मुद्दाम ढिला ठेवला, असा त्यात संशय आहे. सेक्रेटरीसाहेब भले गृहस्थ आहेत. माझ्या काळजीपोटीच त्यांनी हे केलं. पण संशय चुकीचा आहे आणि तेवढं सांगायलाच मी आलो आहे.

सदर यंत्र बसून चालवायचं आहे. चार चाकं, सीट, स्टिअरिंग, आणि पोटाखाली पत्र्याचा चपटा डबा. त्या डब्यात डावं आणि उजवं अशी दोन पाती फिरतात. आम्ही तिला म्हैस म्हणतो, कारण ती मनात येईल तिथे थांबते आणि मग ढकलूनही हलत नाही. हवालदार बाईंनी इथे लिहिणं थांबवून, म्हैस कोणाच्या मालकीची व दुभती आहे का, असं विचारलं. यापुढे या जबाबात म्हैस म्हणजे यंत्र असं समजावं.

मागच्या मोसमात म्हशीचं डावं हाउसिंग तडकलं. हाउसिंग म्हणजे पात्याचा दांडा ज्यात उभा राहतो ते ओतीव भांडं. ते गेलं की पातं थरथरतं आणि गवत कापण्याऐवजी उपटतं. कंपनीने हे मॉडेल बंद करून बरीच वर्षं झाली आहेत. पहिल्या दुकानदाराने मोडका भाग हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "काका, हे आता संग्रहालयात मिळेल." त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही. दुसऱ्याने बाहेरून मागवून दिलं. ते तीन भोकांचं निघालं. आपलं चार भोकांचं आहे. वेल्डिंगवाल्याने तडकलेल्यालाच डाग देऊन दिला, तो पहिल्या दगडाला सुटला. शेवटी भंगारवाल्याकडे याच मॉडेलच्या दोन म्हशी सापडल्या. दोन्हींचं उजवं ठणठणीत होतं, डावंच गेलेलं होतं. या मॉडेलचं डावंच जातं.

तेव्हापासून मी सगळं मैदान हाताने ढकलायच्या मशीनने कापतो. गुडघ्यांबद्दल बाईंनी विचारलं, त्याचा तपासाशी संबंध नाही. सेक्रेटरीसाहेबांना मात्र माझी दया आली आणि त्यांनी काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं मनावर घेतलं. म्हशीला भंगारात घालायचं आणि मला आराम द्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला आराम नको होता.

मुलगा का गेला, असं विचारलं असता सांगतो की, कारण म्हैसच. तेव्हा तिचा गिअर अडकला होता आणि मी सबंध दिवस तिच्याखाली आडवा होतो. तो म्हणाला, "बाबा, हिला आता भंगारात घाला. हिच्यापायी झिजताय तुम्ही." मी म्हणालो, "आधी तू नीघ, मग तिचं बघू." त्यातलं पहिलं त्याने केलं. गिअर मी नंतर सोडवला, तेव्हा माझंच बरोबर होतं असं माझं मत आहे. हे लिहायची गरज नाही असं बाई म्हणाल्या. मी म्हणालो, लिहा.

जाताना त्याने कपडे घेतले आणि सतरा नंबरचा पाना घेतला. त्या पान्याच्या दांडीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं आहे, ते मीच गुंडाळलं होतं. त्यानंतर मी दुसरा सतरा नंबर आणला. तो हातात बसत नाही.

गेल्या रविवारी बायकोच्या आग्रहावरून आम्ही दोघं मुलीकडे गेलो. एरवी तिला तिकडे जायचं म्हटलं की घर कोण बघणार याची काळजी पडते. या वेळी तिनेच आदल्या दिवशी पिशवी भरून ठेवली होती. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. सोमवारी परतताना गाडीला उशीर झाला. नाहीतर शेडवर रोज पहिला मीच असतो.

मी आलो तेव्हा शेडचं दार उघडं होतं. आत सेक्रेटरीसाहेब, ठेकेदाराचा मेकॅनिक व ठाण्याचे दोन पोलीस उभे होते. मेकॅनिक म्हशीची किंमत ठरवायला आला होता. सेक्रेटरीसाहेबांनी आपल्याकडच्या किल्लीने कुलूप उघडून दिलं होतं, आणि कोणीतरी आत येऊन म्हशीला हात लावून गेल्याचं दिसल्यावर त्यांनीच पोलीस बोलावले होते. कुलूप तुटलेलं नव्हतं. दुसरी किल्ली शेडमागे उपड्या बादलीखाली असते. हे कोणाला माहीत आहे, असं विचारलं असता सांगितलं की, मला व बायकोला. आणखी कोणाला, असं विचारलं असता मी पाणी मागितलं. पाणी मिळालं.

म्हशीखाली वाकून पाहिलं तेव्हा डाव्या बाजूला हाउसिंग बसवलेलं दिसलं. चार भोकांचं. कोरं नव्हतं, कुठल्या तरी दुसऱ्या म्हशीचं काढलेलं होतं, पण रॉकेलने धुऊन लख्ख केलेलं. बेअरिंगं नवी, पट्टा नवा, आणि ग्रीस जिथे लागतं तिथेच. आमचं तडकलेलं हाउसिंग फडक्यात बांधून फळीवर ठेवलेलं होतं. नवं चालेपर्यंत जुनं टाकायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे. चोर आला, मोडकं काढलं, चांगलं बसवलं आणि मोडकंसुद्धा नेलं नाही, तेव्हा पंचनाम्यात चोरीस गेलेला माल काय लिहायचा, यावर दोन्ही पोलिसांचं बराच वेळ बोलणं झालं.

डाव्या पात्याचा मधला बोल्ट तेवढा ढिला होता. बोटांनी फिरेल इतका. मेकॅनिकने तो फिरवून दाखवला आणि म्हणाला, "बाकीचे बोल्ट दगडासारखे आवळलेत आणि हाच ढिला. हा काही विसरलेला बोल्ट नाही. चालू केलं असतं तर पातं उडून पाय गेला असता." हे खरं आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो. सेक्रेटरीसाहेबांना आमचं जुनं भांडण माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते मला म्हणाले, "मिस्त्री, पोटचा मुलगा हो."

मी मेकॅनिकला विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा सीटवर काय होतं?"

तो म्हणाला, "काही नाही. एक पाना पडला होता. मला बसून गिअर बघायचा होता, म्हणून उचलून फळीवर ठेवला."

"दांडी कुठल्या बाजूला होती?"

"ते कोण बघतं, काका? या बाजूला असेल, डावीकडे."

मी फळीवर पाहिलं. सतरा नंबर, रबर गुंडाळलेला. मी तिथेच खाली बसलो. गुडघा धरला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. गुडघा धरला नव्हता, मला भरून आलं होतं. पोलिसांनी पाना पुरावा म्हणून जप्त करून नेला.

आता त्या बोल्टबद्दल. मुलगा पहिल्यांदा हाताखाली आला तेव्हा त्याच्या अंगात जोर फार आणि अंदाज कमी. पात्याचा बोल्ट त्याने इतका आवळला की डोकं तुटून हातात आलं. त्या दिवसापासून मी नेम केला की, सगळं त्याने बसवायचं, सगळं त्याने आवळायचं, पण पात्याचा बोल्ट हाताने लावून सोडून द्यायचा. शेवटचा पीळ माझा. आणि मी तो देईपर्यंत पाना सीटवर आडवा ठेवायचा, दांडी डावीकडे, कारण मी डावखुरा आहे. पाना उचलल्याशिवाय कोणाला बसता येत नाही आणि बसल्याशिवाय म्हैस चालू होत नाही. म्हणजे चुकूनसुद्धा कोणाला इजा व्हायची सोय नाही. पुढे त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला झाला, तरी हे असंच चालत राहिलं. मी बंद कर म्हणालो नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

पीळ म्हणजे नेमकं काय लिहू, असं बाईंनी विचारलं. मी म्हणालो, बोल्टला शेवटी देतात तो. बाहेर बाकावरून बायको म्हणाली, "आणि या बापलेकांच्या अंगात आहे तोसुद्धा." तिचा जबाब वेगळा घ्यावा.

बाईंनी तिला तिथेच विचारलं असता ती म्हणाली, "मला काय कळतंय त्या यंत्रातलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "चार भोकांचं आणि डावं, एवढंच मी त्याला सांगितलं होतं." दर रविवारी दुपारी ती मागच्या दाराशी बसून बहिणीशी फोनवर बोलते, असं मी दोन वर्षं समजत होतो. दुपारी मी झोपतो. ती म्हणाली की हे हाउसिंग हुडकायला त्याला तीन महिने लागले. कुठल्याशा शाळेच्या अडगळीत एक म्हैस गंजत पडली होती, ती सबंध विकत घेऊन त्याने तिचं डावं काढलं. बाकीची म्हैस त्याच्या खोलीच्या दारात उभी आहे आणि घरमालक रोज बोलतो. भंगारात घाला म्हणणारा तोच हा मुलगा, एवढं नोंदवून घ्यावं.

तरी माझं म्हणणं असं की, माझ्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नाही. त्याने काम केलं आणि पीळ माझ्यासाठी ठेवला. मी उशिरा पोचलो आणि पाना भलत्याने उचलला, एवढीच यात चूक झाली.

मग बाई म्हणाल्या की तक्रारीत दम राहिलेला नाही, पाना घेऊन जा आणि बोल्ट आवळून टाका. त्यावर मी सांगितलं की तसं करता येत नाही. पीळ मी द्यायचा, पण चालू त्याने करायचं आणि मी समोर उभं राहून आवाज ऐकायचा, असं आमचं आहे. आवाज बसल्या जागेवरून कळत नाही. म्हणून मी विनंती केली की पोलिसांनी त्याला जबाबासाठी बोलवावं. बोलावणं पोलिसांचं असलं की त्याला यावंच लागेल, आणि मी बोलावलं असंही होणार नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "बाबा, गुन्हाच नाही तर मी कोणत्या कलमाखाली बोलवू? तुम्हीच करा की फोन."

मी सांगितलं की माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर नाही. बायकोच्या फोनमध्ये आहे, 'मावशी' या नावाने. तिने तो लावूनच माझ्या हातात दिला.

तिकडून आवाज आला, "हां आई, बोल. बाबांनी बघितलं का?"

मी म्हणालो, "आई नाही."

फोन बंद पडला असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "पीळ दिलात ना बाबा? तसंच चालवू नका हं."

"पाना पोलिसांकडे होता."

"कोणाकडे?"

"ते आल्यावर सांगतो. पीळ मी देतो. चालू कोण करणार?"

तो म्हणाला, "निघतो." आवाज त्याचाच होता, थोडा जाड झाला आहे.

पाना मला परत मिळाला असून त्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी तो नेल्याबद्दलही नाही. बोल्ट अजून बोटांनी लावलेलाच आहे, पाना सीटवर आडवा ठेवला जाईल आणि शेडला कुलूप राहील. किल्ली आहे तिथेच, बादलीखाली.

वरील जबाब बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, बायकोनेही दारात उभं राहून ऐकला. मी सांगितलं तसाच तो लिहिला असून कोणाच्या धाकाने किंवा शिकवण्याने दिलेला नाही. फक्त एक दुरुस्ती आहे. सुरुवातीला 'एक मुलगा होता' असं लिहिलं गेलं आहे. ते मीच तसं सांगितलं होतं, बाईंची चूक नाही. तिथे 'होता' खोडून 'आहे' करावं. खोडलेल्या जागी सही लागते म्हणाल्या, ती केली आहे.