सरांची सही, माझं पत्र

अभिनंदन कसलं करताय? नका हो, हात जोडतो! सकाळपासून त्रेपन्न जणांनी केलंय, त्यातला एक तर लिफ्ट दुरुस्त करायला आला होता...

तुम्हाला सांगतो, बक्षीस मोठं आहे, नाही कोण म्हणतंय? वैद्यकीय जीवरसायनशास्त्रातल्या, कारकिर्दीच्या मध्यावरच्या संशोधकाला देतात. मध्यावर! म्हणजे तरुण म्हणून कौतुक नाही, म्हातारा म्हणून मान नाही. मी सतरा वर्षं यकृतातल्या एका एन्झाइमच्या मागे आहे. एका! आणि आता मला ते सोडायचं होतं हो! बायकोची नोकरी दुसऱ्या गावात, लेक तिच्याजवळ, मी नऊ वर्षं इथे भाड्याच्या खोलीत. शनिवारी सहा तास बस, रविवारी सहा तास परत. शेवटी तिकडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळवली, राजीनामा लिहिला, नुसती तारीख टाकायची राहिली होती. बायकोने कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. तेरा वर्षांची लेक रोज फोनवर विचारायची, "बाबा, किती दिवस राहिले?" आणि म्हणे अभिनंदन!

घात केला तो शिफारसपत्राने. आमच्याकडे पद्धत अशी, की शिफारसपत्र प्रमुखांचं, पण लिहायचं ज्याचं त्याने. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "अरे, यंदा आपल्याकडून एक तरी नाव जायला हवं. तूच खरड काहीतरी, मी सही ठोकतो." म्हटलं, सर, मला कोण देतंय? "मिळत नाही रे! नाव जाऊ दे नुसतं."

मिळणार नाही म्हटल्यावर काय, सुटलोच मी! लिहिलं, 'या संशोधकाला बाहेरच्या नोकऱ्यांचा मोह नाही. घरदार त्याच्या कामाच्या आड येत नाही. पुढची पाच वर्षं तो या संस्थेतून हलणार नाही, याची मी व्यक्तिशः खात्री देतो.' खात्री कोण देतंय? मी! कुणाची? माझीच! सरांनी न वाचता सही केली. वाचतात कुठे!

आणि काल समितीच्या बाईंचा फोन. "तुमच्यापेक्षा सरस काम दोघांचं होतं हो, पण आमची अट पाच वर्षं तिथेच राहण्याची, आणि इतकी ठाम खात्री हल्ली देतं कोण? अभिनंदन!"

धावत सरांकडे गेलो, तर सर ते पत्र वाचत बसलेले. पहिल्यांदाच! डोळे पाणावलेले. "काय लिहून गेलो रे मी!" म्हटलं, सर, मला हे नको, मी राजीनामा देतोय... "थट्टा करतोस होय!" मागे दारात माझ्या पीएचडीच्या तिघी विद्यार्थिनी. त्यांची शिष्यवृत्ती संपत आली होती, ती आता या बक्षिसातून चालणार. एकीला तर हुंदकाच आवरेना. "सर, मी घरी परत जायची तयारी केली होती..." आता सांगा, नाही कुठल्या तोंडाने म्हणू? नाही म्हणवलंच नाही. राजीनामा खिशातच चुरगळला. आणि त्या तिघी एका सुरात, अभिनंदन!

घरी फोन केला. सगळं सांगितलं, पत्रसुद्धा वाचून दाखवलं, अक्कल बघा माझी! बायको म्हणाली, "घरदार आड येत नाही, हे तू लिहिलंस?" अगं, ते आपलं उगाच, लिहायचं म्हणून... "छान लिहिलंयस," म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात लेकीने फोन ओढला. "बाबा, पाच वर्षांनी मी अठराची! मी कॉलेजला तुझ्या गावात येते, मग आपण एकत्र राहू!" काय खूश झाली होती! म्हटलं, बाळा, पाच वर्षांनी तर मी तिकडे येणार ना... तिने फोन परत आईच्या हातात दिला.

काय करणार? आत्ताच घरमालकाला सांगून आलो, खोली अजून दहा वर्षं लागेल. पहिली पाच मला, पुढची लेकीला.