उच्च गणिताचं दहावं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि संस्थेचे प्रमुख माननीय भैय्याजी, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक अण्णाजी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आदरणीय लक्ष्मणराव निस्ताने सर, त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू, माझे सहकारी, रोहणा गावातले पालक आणि मागं दाराशी दाटीनं बसलेल्या मुलामुलींनो,

मी नलिनी उमाटे. याच शाळेत शिकले आणि गेली सहा वर्षं इथंच शिकवते. सुटीनंतर सरांचे गणिताचे तास माझ्याकडे येणार आहेत. माझ्याआधीचे वक्ते सरांच्या शिस्तीविषयी, त्यांच्या देखण्या अक्षराविषयी बोलले. ते सगळं खरं आहे, आणि मलाही तेवढंच बोलून खाली बसता आलं असतं. पण परवा सरांनीच मला बजावलं, "नलू, बोलशीन त जयवंताचं बोल. नाई त हार घाल अन् बस." म्हणून बोलते. भैय्याजी, वेळ थोडा जास्त लागला तर सांभाळून घ्यावं.

समोरच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण १९७० साली आम्ही नववीत आलो तेव्हा गणित निवडावं लागे. एक सामान्य गणित आणि दुसरं उच्च गणित, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. सामान्य घेतलं की इंजिनिअरिंगचा रस्ता तिथंच संपला. उच्च घेतलं आणि झेपलं नाही, तर मॅट्रिकच हातची गेली. चौदा वर्षांच्या पोरांनी हे कशावरून ठरवायचं? घरी विचारावं, तर घरी मॅट्रिक झालेलं कोणी नव्हतं.

त्यात शाळेचा नियम असा, की दहा नावं आली तरच उच्च गणिताचा वर्ग उघडायचा. त्या वर्षी नऊ आली. शनिवारी यादी द्यायची होती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर रूपरावांच्या घरी गेले. रूपराव शेतकरी माणूस, आणि जयवंता त्यांची थोरली मुलगी, बाकावर माझ्या शेजारी बसणारी. मराठीत ती वर्गात पहिली यायची. गणितात कशीबशी पास. सरांना हे ठाऊक होतं. रूपरावांनी विचारलं, "गुरुजी, पोरीले झेपन काय?" सर म्हणाले, "झेपवून घेऊ." मग रूपरावांनी मुलीला विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

वर्ग उघडला. सर जीव तोडून शिकवत. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी जयवंता हळूहळू बोलेनाशी झाली. मधल्या सुटीत डबा तसाच राहायचा. बसल्या बसल्या ती मांडीवर बोटानं काहीतरी लिहीत असे. घरी ओट्यावर बसून ती प्रमेयं मोठ्यानं म्हणायची, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तिची आई आनंदाबाई, त्यांना वाटे पोर स्तोत्र म्हणून राह्यली. पण फळ्यावरची आकृती सरांनी जराशी फिरवून काढली, की जयवंताचा खडू तिथंच थांबायचा. सरांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. त्यांनी तिला सामान्य गणितात परत पाठवायचं मनावर घेतलं, तेव्हा मॅट्रिकचे फॉर्म नागपूरच्या बोर्डाकडे गेले होते.

१९७३च्या मार्चमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अकरावी मॅट्रिकला, आर्वीच्या केंद्रावर भूमितीचा पेपर झाला. बाहेर येऊन जयवंता नळाखाली हात धूत राहिली. शाई कधीच निघून गेली होती, तरी धूत राहिली. मी तिला ओढून बसपर्यंत आणलं. पेपर कसा गेला, हे मी विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रात माझा नंबर होता, तिचा नव्हता. दुपारपर्यंत ती घरात नाही हे लक्षात आलं. शेतात पाहिलं, तर विहिरीच्या काठावर तिच्या चपला.

मी तिथं होते. काठावर अर्धं गाव उभं होतं. दोनदा गळ टाकला, वर काही आलं नाही. तेवढ्यात सर धावत आले. काकूंना माहीत आहे, सरांना पोहता येत नाही. त्यांनी कोट काढला, दोर कमरेला बांधून घेतला आणि उतरले. पाणी गळ्याशी आलं तरी ते पायानं तळ चाचपत होते. रूपराव दोर धरून होते.

विहिरीत ती नव्हती. दिवस मावळताना गावातल्या बंडूजींनी तिला आपल्या बैलबंडीतून आणलं. आर्वीच्या रस्त्यावर अनवाणी चालत होती, पाय सोलून निघाले होते. परीक्षेचा पेपर पुन्हा एकदा पाहायला मिळतो का, हे विचारायला ती केंद्रावर निघाली होती. ओल्या कपड्यानं उभ्या असलेल्या सरांना ती म्हणाली, "सर, मले सगळं पाठ होतं. त्यायनं अक्षरं बदलवली."

पुस्तकातल्या त्रिकोणाला अ, ब, क अशी नावं होती. पेपरात दुसरी दिली होती. एवढंच झालं होतं.

सर सगळ्यांसमोर रूपरावांना म्हणाले, "मले दहावं नाव पाहिजे होतं, म्हून मी तुमची पोर नेली." रूपराव म्हणाले, "घरी जा गुरुजी. ओले झाले तुमी."

त्यानंतर सर नाव मागायला कोणाच्या दारी गेले नाहीत. पुढच्या वर्षी सात नावं आली आणि वर्ग उघडला नाही. त्या सातांत खरी हुशार पोरं होती, त्यांचंही नुकसान झालं. पुढे नवा अभ्यासक्रम आला आणि निवडच गेली.

आता जे सरांनाही माहीत नाही, ते सांगते. सर, तुम्हाला वाटत आलं, की जयवंता तुमच्या शब्दाखातर हो म्हणाली. तसं नव्हतं. तुम्ही रूपरावांकडे गेलात, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. त्या नऊ नावांत माझं होतं, दहावं नाव तुमच्याइतकंच मलाही हवं होतं. मी तिला म्हटलं, "तू नाव दे, मी रोज शिकवीन तुले." दिवाळीपर्यंत शिकवलं. मग माझाच अभ्यास मागं पडतो असं वाटायला लागलं. ती दोनदा वही घेऊन दाराशी आली. दोन्ही वेळा मी आईकरवी सांगितलं, की नलू घरी नाही. दुसऱ्यांदा तिनं माझ्या चपला पाहिल्या होत्या. नंतर ती आली नाही. पाठांतर तेव्हापासूनचं.

जयवंता आता नालवाडीला असते. तिला दोन मुलं आहेत. आजचं निमंत्रण द्यायला मी गेले होते. तिनं चहा केला, सरांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या वहीचं काही न बोलता मी परत आले. ती आज आलेली नाही.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर अध्यक्षांनी आणि सभेनं ते पोटात घालावं. जे बोलण्यातलं नाही, करण्यातलं आहे, त्याची माफी या सभेकडे मागत नाही, ती इथं मिळण्यासारखी नाही. उद्या मी पुन्हा नालवाडीला जाते आहे. ती काय म्हणेल, मला खरंच सांगता येत नाही. सर, अकरा वर्षांत तुम्हीही तिच्यासमोर गेला नाहीत. गाडी सकाळी सातची आहे. तुम्ही याल का?