कळणारसुद्धा नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "तुमचं काय जातं लिहायला!"

काय जातं? अहो, काय काय म्हणून सांगू? झोप जाते, भूक जाते, जेवायच्या टेबलाची अर्धी बाजू जाते, कारण माझं ऑफिस म्हणजे तेच टेबल... एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला सासूबाई भाजी निवडतायत. धंदा काय, तर लोकांच्या जाहिराती लिहायच्या. आता हे सासूबाईंनी शेजारी कसं सांगावं? "आमची सून जाहिराती करते!" झालं! शेजारीण आठ दिवस टीव्हीसमोर ठाण मांडून, आणि नवव्या दिवशी मला जिन्यात गाठून, "अगं, कुठल्या साबणाच्या गं? दिसली नाहीस कुठे!"

मी लिहिते हो, दिसत नाही! दिसत नाही म्हणून तर कुणाला पटत नाही! गादीवाले येतात, "मॅडम, काहीतरी एकदम वेगळं पाहिजे... पण नेहमीसारखं." झुरळं मारणारे येतात, "भाषा जरा प्रेमळ ठेवा." कुणाविषयी प्रेमळ? झुरळांविषयी? पण दिलं लिहून, प्रेमाने! आणि जाताना प्रत्येकाचं तेच, "दोन तर ओळी आहेत, तुमचं काय जातं लिहायला!"

तर तुम्हाला सांगते, असेच एक दातांचे डॉक्टर आले. सव्वा तास बसले. त्यांच्याकडे कुठलं मशीन आहे, ते किती वेगाने फिरतं, खुर्ची किती अंशात मागे जाते... अहो, मला नुसतं ऐकून घाम फुटला! कारण आतली गोष्ट सांगते, दातांच्या दवाखान्याची पायरी मी चौदा वर्षांत चढले नव्हते. नुसता तो वास आला तरी मी रस्ता बदलणारी बाई! आणि डॉक्टर म्हणाले, "लोकांची भीती गेली पाहिजे." मग मी काय लिहिलं? छातीठोक लिहिलं! "दाढेचं दुखणं? या, बसा, उठा... कळणारसुद्धा नाही!"

डॉक्टर खूष! पॅम्फ्लेट छापलं, दारावर लावलं, काचेवर लावलं. मी पण खूष. काय ओळ आहे, वा! स्वतःच्याच पाठीवर थाप मारली, हात पोचत नव्हता तरी!

आणि पुढच्याच महिन्यात... माझी दाढ! डावीकडची, खालची, सगळ्यात मागची! आधी नुसती कुरकुर, मग ठणका, मग असं की सासूबाईंनी भेंडी मोडली तरी तो आवाज माझ्या दाढेत. नवरा म्हणाला, "अगं, तुझे डॉक्टर आहेत ना? तूच लिहिलंयस की, कळणारसुद्धा नाही!" मी म्हटलं, "ते लोकांसाठी आहे!" तर हा हसून लोळला आणि मला गाडीत घालून नेऊन सोडलं.

आत गेले तर बाकावर जागा एकच, आणि शेजारी एक आजोबा. हातात काठी, गालावर ही सूज, आणि पलीकडे त्यांची सून, त्यांची बाही घट्ट धरून बसलेली. ती मला हळूच म्हणाली, "दोनदा पळालेत. दहा दिवस झाले, सगळं मिक्सरमधून काढून देतेय." आणि आजोबांच्या हातात काय? माझं पॅम्फ्लेट! मोठ्याने वाचतायत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, "कळणार... सुद्धा... नाही! मागच्या महिन्यात हे वाचूनच आलो होतो मी! आणि कळलं! चांगलं सणसणीत कळलं! कोण लिहितं हो हे? त्याचं काय जातं लिहायला? त्याला बसवा एकदा त्या खुर्चीत!"

आणि तेवढ्यात रिसेप्शनवरच्या मुलीने माझा नंबर पुकारला.

काय सांगू! आयुष्यात कुणाचा शब्द इतक्या लगेच फळला नसेल!

बसले खुर्चीत. डॉक्टरांचा चेहरा नुसता उजळलेला. "या या मॅडम! आता तुम्हाला प्रत्यक्षच कळेल... म्हणजे कळणार नाही!" आणि स्वतःच हसले. मग ती सुई आली. अहो, कळलं! पायाच्या अंगठ्यापर्यंत कळलं! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि डॉक्टर विचारतायत, "कळलं का हो?" मी, "आँऽऽ!" तर म्हणे, "नाही ना? बघा!"

आता तुम्हीच सांगा, ज्या बाईचं पोट शब्दांवर, तिच्या तोंडात एक आरसा, एक नळी आणि दोन हात! आणि डॉक्टरांना त्याच वेळी धंद्याचं बोलायचंय! "मॅडम, दारावर अजून एक पाटी करू या का?" आँ! "यमक जुळलं पाहिजे पण." आँऽ! "दात आणि साथ कसं वाटतं?" आँऽऽऽ! "मला वाटलंच तुम्हाला आवडणार!"

आणि मग ते मशीन सुरू झालं. ते गुंईऽऽ... आणि माझा हात, शपथेवर सांगते, माझा मला न विचारता वर गेला. आणि डॉक्टर थांबले.

चटकन थांबले. मशीन बंद. "काय झालं? दुखतंय? घाई नाही, श्वास घ्या." मी श्वास घेतला. मान हलवली, मग पुन्हा सुरू. परत हात, परत थांबले. कपाळावर आठी नाही, घड्याळाकडे बघणं नाही! आणि मी त्या खुर्चीत आडवी पडून मनात म्हणतेय, अरे माणसा, हे का नाही सांगितलंस मला? सव्वा तास मशीन सांगितलंस, खुर्ची सांगितलीस, आणि तू थांबतोस हे सांगितलंच नाहीस? आणि मी तरी... मी विचारलं होतं का?

बाहेर आले. अर्धं तोंड माझं, अर्धं कुणाचं देव जाणे. तर आजोबा दारात! चपला घातलेल्या, सून विनवतेय, "बाबा, नका ना जाऊ!" मला बघितलं आणि काठी रोखली माझ्यावर. "काय हो बाई, खरं सांगा! कळलं का?"

सगळा दवाखाना माझ्याकडे बघतोय. आतून डॉक्टरही डोकावलेत. आता धंदा म्हणतो, सांग, कळलंसुद्धा नाही! ओळ तुझी, गिऱ्हाईक तुझं, काय जातं तुझं? पण ती सूज बघितली त्यांची... आणि म्हटलं,

"कललं."

"काय?"

"कललं! शुई तोचते! पन दुखलं तल हात वल कला. दोक्तल थांबतात. आनि तो कादद... मी लिहिलाय. चुकलं माजं."

आजोबांनी मला एकदा खाली-वर न्याहाळलं. लाळ एका कोपऱ्यातून, पाणी दोन्ही डोळ्यांतून. आणि असे हसले हो, सूज धरून! "आत्ता खरं बोललात!" चपला काढल्या, काठी सुनेच्या हातात दिली आणि गेले आत, एकटे!

मी थांबले. कशी जाणार? वीस मिनिटांनी आजोबा बाहेर आले, गालात कापूस, आणि चार बोटं वर! "चालदा थांबवला!" म्हणाले. "चालही वेला थांबला!" जसं काही चौकातली वाहतूक थांबवून आलेत! सुनेने तर माझे दोन्ही हातच धरले.

मी घरी आले, म्हटलं, झालं ते बरंच झालं. जुनी ओळ काढायची, नवी लिहायची, अगदी साधी, सरळ, खरी. दोन दिवस बसले. दहा मसुदे केले. घेऊन गेले दवाखान्यात... तर दारावर आधीच नवी पाटी! ही मोठी! रिसेप्शनवरच्या मुलीने त्या दिवशी माझं बोलणं जसंच्या तसं टिपून घेतलेलं आणि रंगवायला दिलेलं! "दुखलं तल हात वल कला. दोक्तल थांबतात."

मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणते, "मॅडम, मुद्दाम बोबडं ना? काय डोकं आहे तुमचं! लोक दारात हसतात आणि हसत हसत आत येतात!" डॉक्टर म्हणाले, "एक अक्षर बदलायचं नाही!" गादीवाल्यांचा फोन आला, "आम्हालाही तसलंच द्या, बोबडं!"

दहा वर्षं, तुम्हाला सांगते, दहा वर्षं ऱ्हस्व-दीर्घासाठी जिवाचं रान केलं मी, आणि सगळ्यात गाजलेली ओळ ही! शिवाय खाली कोपऱ्यात माझं नाव. आडनावासकट. आणि ते मात्र, काय सांगू, काना-मात्रेसकट अगदी शुद्ध लिहिलंय!