देवळावरची शिट्टी

थेओनी : पण शनिवारी तुझी सुट्टी असते ना!

कोस्मास : असते.

थेओनी : मग आज इथं काय करत होतास, बाबा?

कोस्मास : स्टेलिओसशी पाळी बदलून घेतली. आज मी, उद्या तो. म्हटलं, बाबा रे, उद्या माझ्या मुलीच्या सासरची माणसं अथेन्सहून जेवायला यायची आहेत, लग्नाचा शब्द द्यायचा आहे, मला घरी असायला हवं. तू ओळखतेस का तिला, माझ्या मुलीला?

थेओनी : टोमणे मारू नकोस. मला वेळ नाही. ते सगळे खाली चिनाराखाली कॉफी पीत बसलेत. टोपी विसरली म्हणून वर आलेय.

कोस्मास : ही बघ तुझी टोपी. खांबाच्या पायथ्याशी होती. उडू नये म्हणून वर दगडही ठेवलेला. विसरताना एवढी काळजी कोण घेतं पोरी?

थेओनी : ठेवली मुद्दाम. मग? तुझ्याशी बोलायचं होतं.

कोस्मास : दुपारभर तर इथंच होतीस. मीही होतो.

थेओनी : आम्ही उद्याच येणार होतो रे, थेट घरी. पण सासूबाईंनी, मिर्तोकाकूंनी, हट्ट धरला. गावात एवढं जुनं देऊळ आहे आणि नुसतं जेवून परत जायचं का, म्हणाल्या. मी किती सांगितलं. ऊन आहे, चढ आहे, नुसते पडके खांब तर आहेत.

कोस्मास : पडके खांब! त्याच पडक्या खांबांनी तुला जेवू घातलंय.

थेओनी : मला वाटलं, शनिवार आहे, तू नसशील. फाटकातून आत आले आणि तू समोर. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी.

कोस्मास : मी हात वर करणार होतो. अर्धा केलाही. मग तू तोंड फिरवलंस, म्हणून त्याच हातानं डोकं खाजवलं.

थेओनी : पाहिलं मी ते.

कोस्मास : काय सांगितलं आहेस त्यांना? मी मेलोय का?

थेओनी : बाबा! काहीतरीच काय! मी खोटं नाही बोलले. म्हटलं, वडील पुरातत्त्व खात्यात आहेत. आहेसच ना?

कोस्मास : आहे. शर्टाच्या खिशावर लिहिलंय तसं.

थेओनी : पुढचं त्यांचं त्यांनीच ठरवलं. काकू म्हणाल्या, अगं बाई, संशोधक! केवढं भाग्य! मी तेव्हा पाणी प्यायले.

कोस्मास : पाणी प्यायलीस.

थेओनी : फिलिप्पोसनं विचारलं, माझ्या सासऱ्यांचं उत्खनन सध्या कुठं चाललंय? तेव्हाही पाणी प्यायले. दोन वर्षं नुसतं पाणीच पितेय मी. आणि आता काकूंनी तुझ्यासाठी पुस्तक आणलंय. जुन्या देवळांवरचं. एवढं जाड. उद्या देणार आहेत.

कोस्मास : चित्रं आहेत का त्यात?

थेओनी : हसू नकोस ना.

कोस्मास : हसत नाही गं. चित्रं असली तर तुझ्या आईलाही बघता येईल, म्हणून विचारलं.

थेओनी : तू ती शिट्टी मारायलाच हवी होती का?

कोस्मास : तुझी सासू दोरी ओलांडून वर चढते, खांबाला पाठ टेकते, पर्स दगडावर ठेवते. मग काय टाळ्या वाजवू? दुसऱ्या कुणाला मारली असती तशीच मारली. खरं सांगायचं तर जरा हळूच मारली. आणि म्हटलं काय? ‘बाई, खाली उतरा.’ एवढंच.

थेओनी : हो, पण त्यावर ते सासरे...

कोस्मास : हां, ते म्हणाले. ‘एवढी शिट्टीची हौस आहे तर चौकात उभा राहून गाड्या हाक.’ माणूस गमत्या आहे.

थेओनी : त्यांची जीभच तशी आहे.

कोस्मास : आणि तू हसलीस. हसण्याचं मला काही नाही. घाबरलं की माणूस हसतो. लहानपणी दातवाल्याकडे नेलं तेव्हाही तू हसतच होतीस. पण त्यानंतर तू जे म्हणालीस ना...

थेओनी : बाबा, नको.

कोस्मास : ‘जाऊ द्या हो, या लोकांना तेवढंच एक काम असतं.’

थेओनी : भांडण मिटावं म्हणून म्हटलं मी ते!

कोस्मास : मिटलं की. लगेच मिटलं.

थेओनी : लाज वाटते रे मला. तू मान खाली घालून उभा होतास आणि मी तिकडे फिलिप्पोसला म्हणत होते, बघ, इथून दरी किती छान दिसते. तोंड कुठं लपवू असं झालं होतं.

कोस्मास : मी मान खाली घातली नव्हती. बूट बघत होतो. डाव्याचा तळ उसवलाय. तुझी आई कधीची म्हणतेय शिवून घे, शिवून घे. मला वाटलं, पोरीच्या नजरेत नेमका हाच आला असणार. म्हणून तो पाय दुसऱ्याच्या मागे घेतला.

थेओनी : बुटाकडे मी बघितलंसुद्धा नाही!

कोस्मास : मग फुकटच अवघडलो मी इतका वेळ.

थेओनी : आणि नंतर आमच्यामागं मागं का फिरत होतास? काकू दोनदा वळून बघत होत्या.

कोस्मास : फिरणं हेच काम आहे माझं. ‘या लोकांचं’ तेवढंच तर काम असतं.

थेओनी : मार हवं तर मला. पण असं बोलू नकोस.

कोस्मास : बरं, राहिलं. उगाच तुलाच बोलतोय मी. माझंही काही सरळ नाही. एक सांगू? रागावू नकोस.

थेओनी : काय?

कोस्मास : कॉफीच्या दुकानात मी सांगून ठेवलंय, जावयाची जहाजं आहेत म्हणून.

थेओनी : जहाजं? बाबा, त्यांचं न्हाणीघराच्या फरशांचं दुकान आहे!

कोस्मास : अगं, फरशा जहाजातूनच येतात ना? पानायोतिसची सून वकील, थानासिसचा जावई डॉक्टर. रोज सकाळी बसून तेच ऐकायचं. एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी उठून हात मिळवले. मग मीही पाणी प्यायलो.

थेओनी : देवा रे. उद्या कुणी सासऱ्यांना जहाजांबद्दल विचारलं तर?

कोस्मास : म्हणून तर सांगतोय. मी असतानाच विचारणार कुणी. मी नसलो, तर कोण कशाला विचारेल?

थेओनी : म्हणजे?

कोस्मास : म्हणजे, मला वाटत होतं, उद्या मी इथंच येतो. पाळी परत बदलून घेतो. स्टेलिओस काही नाही म्हणायचा नाही. तिकडे तुझा मामा बसेल यजमानाच्या खुर्चीत. बोलायला चांगला आहे, सूटही आहे त्याच्याकडे. म्हणावं, वडिलांना खात्यानं ऐनवेळी बोलावून घेतलं. हेही खोटं नाही, बघ. तेच सांगायला आली होतीस ना?

थेओनी : हो.

कोस्मास : हां.

थेओनी : चढताना सगळं मनात जुळवून आले होते, कसं सांगायचं. तू असं आधीच म्हणशील असं नव्हतं वाटलं. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं रे.

कोस्मास : ओरडून काय करू? फक्त आईला आज काही बोलू नकोस. द्राक्षाच्या पानांत भात वळून वळून तिची बोटं काळी पडलीत. अंगणाच्या भिंतीला चुना लावलाय. बकरा कापायला दिलाय. तिला मी सकाळी सांगेन. माझ्या ड्यूटीची सवय आहे तिला.

थेओनी : आईला वाईट वाटेल.

कोस्मास : वाटेल. आता जा. त्यांना वाटेल, पोरगी दरीत पडली की काय.

(खालच्या वाटेनं एक बाई धापा टाकत वर येते. हातात काढलेल्या चपला.)

थेओनी : बाबा, काकू आल्या.

कोस्मास : टोपी घाल डोक्यावर. तिकडे सरक जरा. — बाई, बंद झालंय! उद्या सकाळी उघडेल!

मिर्तो : ठाऊक आहे हो. आता काही खांबाला टेकणार नाही. इथं भिंतीवर बसले तर चालेल? की शिट्टी वाजेल?

कोस्मास : ती भिंत देवळाची नाही, आमच्या खात्याची, अलीकडची. बसा.

मिर्तो : सापडली टोपी, थेओनी?

थेओनी : हो काकू. हे... यांनी ठेवली होती जपून.

मिर्तो : चांगलं झालं. तुमची माफी मागायला आले मी. चूक माझी होती. आमचे हे जे बोलले, त्याचीही मागते. त्यांना स्वतःला मागता येत नाही, सवय नाही.

कोस्मास : अहो, कसली माफी! रोजचंच आहे. लोकांना फोटो हवा असतो.

मिर्तो : घरी कोण कोण असतं तुमच्या?

कोस्मास : बायको. मी. एक मुलगी आहे.

मिर्तो : इथंच असते?

कोस्मास : अथेन्सला. कवळ्या तयार करते, दात बसवते. हात फार नाजूक आहे तिचा. इथले दोघे-तिघे म्हातारे तिनंच केलेले दात लावून हसतात.

मिर्तो : येते का तुम्हाला भेटायला?

कोस्मास : येते की. येते. कामात असते. गुणी आहे फार.

मिर्तो : ती आत्ता इथं असती, तर काय म्हणाली असती तुम्हाला?

कोस्मास : मला काय म्हणणार बिचारी...

थेओनी : काकू, हे माझे बाबा. ते संशोधक नाहीत. इथले पहारेकरी आहेत. मी लहान होते तेव्हापासून आहेत. हे माझे बाबा आहेत, कोस्मास.

मिर्तो : मला माहीत आहे.

थेओनी : माहीत आहे?

मिर्तो : तुम्हाला लपवाछपवी जमत नाही, कोस्मास. फिलिप्पोस हिचा फोटो काढत होता. त्या ऑलिव्हच्या झाडापाशी. मी म्हटलं, काय देखणी दिसते आमची पोर. आणि मागून आवाज आला, ‘फ्तू, फ्तू, फ्तू.’ वळून बघते, तर पहारेकरी आभाळाकडे बघतोय.

कोस्मास : निघून गेलं हो तोंडातून. तुम्ही एवढं कौतुक केलंत, पोरीला दृष्ट लागायची, म्हणून थुंकलो. लहानपणापासून सवय आहे.

मिर्तो : पुन्हा म्हटलं, हसली की अजून गोड दिसते. मुद्दाम म्हटलं. पुन्हा तीनदा थुंकलात! रोज एवढ्या पोरी येतात इथं. सगळ्यांची दृष्ट काढत बसलात तर जीभ वाळून जायची की. शिवाय दोघांचं नाक बघितलं मी. नाक तर काही लपवता येत नाही.

थेओनी : मग तुम्ही बोलला का नाहीत, काकू?

मिर्तो : मी कशाला बोलू? वडील तुझे. टोपीचं निमित्त काढून तू उठलीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता हाताला धरून खाली घेऊन येईल. मी कॉफीचा आणखी एक कपही मागवून ठेवला. तू येईना. कॉफी गार झाली.

कोस्मास : ती सांगणारच होती हो. वर आली ती मला न्यायलाच. मीच म्हटलं, अशा घामट शर्टात नको, उद्या दाढीबिढी करून नीट भेटतो. हिचा काही दोष नाही यात.

मिर्तो : असं झालं का?

कोस्मास : अगदी असंच.

थेओनी : नाही.

कोस्मास : थेओनी!

थेओनी : बाबा खोटं बोलतायत, काकू. मी त्यांना सांगायला आले होते, उद्या घरी थांबू नकोस म्हणून. स्वतःच्या घरी. आणि मला सांगावंही लागलं नाही. तेच म्हणाले.

मिर्तो : हं.

थेओनी : तुम्ही रागावलात.

मिर्तो : विचार करतेय. माझे सासरे पाठीवरून फरशा वाहायचे. खांदा एका बाजूला कललेला होता त्यांचा, मरेपर्यंत. कुणी त्यांची आठवण काढली की आमचे हे खिडकीबाहेर बघतात, विषय बदलतात. असा एक माणूस घरात आहेच. आता दुसरं आणायचं का, हा विचार करत मी चढले.

थेओनी : आणि?

मिर्तो : अजून काही ठरलं नाही. गुडघे दुखतायत, एवढंच कळलं. उद्या जेवताना बघू. कोस्मास, तुम्ही असाल ना?

कोस्मास : मी... तसं म्हटलं तर...

मिर्तो : शिट्टी घेऊन बसा टेबलाशी. आमचे हे जहाजासारखे सुटले की वाजवायची.

कोस्मास : जहाजासारखे! बाई, ते जहाजाचं तेवढं कुणापुढं काढू नका हो उद्या.

मिर्तो : का बरं?

कोस्मास : सांगेन कधीतरी.

मिर्तो : मी उतरते हळूहळू. थेओनी, तू ये मागून. वडिलांशी बोलून ये. घाई नको.

थेओनी : ...गेल्या. का केलंस बाबा असं? मी एवढं करूनही माझ्यासाठी खोटं का बोललास?

कोस्मास : माहीत नाही. ते फ्तू-फ्तूसारखंच. निघून गेलं.

थेओनी : उद्या मी त्यांच्यासमोर बसू कशी? तुझ्यासमोर कशी बसू?

कोस्मास : आईच्या शेजारी बस. ती सारखी वाढत राहते, वर बघायला वेळच मिळत नाही. जा आता. मला फाटक लावू दे.

थेओनी : जाते.

कोस्मास : थेओनी! अगं, टोपी! आता खरंच विसरलीस.

थेओनी : असू दे तुझ्याकडे. उद्या आमच्याबरोबर जेवायला बसशील तेव्हा घेऊन ये.