प्रिंटर म्हणतो, कागद नाही

...आणि कागद समोर दिसतोय हो! पांढराशुभ्र, अख्खा रोल, आणि प्रिंटर म्हणतो 'कागद नाही'! तुम्हाला सांगतो, माझं बटणांचं दुकान, शिवणकारखान्याच्या बाईंना शुक्रवारपर्यंत दोनशे पाकिटं लेबलं लावून द्यायची, आणि बाई निक्षून म्हणालेल्या, "शेठ, यंदा लेबलं नसतील तर पुढच्या वेळी मी समोरच्या दुकानात!" अशा वेळी शहाणा माणूस मुकाट्याने हाताने लेबलं लिहील. मी काय केलं? नवा लेबल प्रिंटर आणला आणि कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं! कोणाला विचारलं? छे! आपण स्वतः शिकलेले ना!

लिनक्स म्हणजे जगाने मिळून उघड्यावर बांधलेली सिस्टीम, कोणीही आत डोकवावं, कोणीही दुरुस्त करावं. आणि ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर-प्रिंटरमधला दलाल. म्हटलं, दलाल हाताळण्यात तर आपला जन्म गेलाय! तीन ड्रायव्हर बदलले. पहिला म्हणाला कागद नाही, दुसरा म्हणाला कागद नाही, तिसरा म्हणाला प्रिंटरच नाही!

बुधवारी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर रडगाणं लिहिलं. कुठल्याशा लांबच्या देशातला, ड्रायव्हर लिहिणारा एक सज्जन माझ्यासाठी दोन दिवस खपला! "कागद नीट बसवलाय?" "महाशय, तीस वर्षं दुकान चालवतोय!" "कागद ओळखणारा सेन्सर स्वच्छ आहे?" "आरशासारखा!" बघितला होता का? कशाला बघू? आपण स्वतः शिकलेले ना! शेवटी बिचारा म्हणाला, "मग तुमच्या मॉडेलचा सेन्सर उलटा बोलत असणार. तो 'नाही' म्हणाला की आपण 'आहे' समजू." तसा ड्रायव्हर त्याने लिहिला, मी चढवला, आणि... खर्र्र! लेबलं! शुक्रवारी पाकिटं रवाना! तो ड्रायव्हर त्यांनी लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीसाठी घेतला, खाली माझं नाव, 'तपासणी: बटणवाले'! गल्लीभर सांगत फिरलो, शिकवणी लावली नाही म्हटलं कधी, आपण स्वतः शिकलेले ना!

शनिवारी बायकोने प्रिंटर पुसला. "अहो, आतली निळी पट्टी काढायची राहिलीच होती की! काढली मी."

सवय हो आम्हा दुकानदारांची! खुर्ची, तराजू, रिमोट... नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढवतच नाही! पट्टी नेमकी सेन्सरवर, म्हणजे तो बिचारा आठवडाभर आंधळा! आणि आता त्याला दिसायला लागलं, तो खरं बोलायला लागला, तर उलटा ड्रायव्हर म्हणतो... 'कागद नाही'!

पण खरी काळजी लागली ती जगाची. हा ड्रायव्हर देशोदेशी जाणार, धडधाकट प्रिंटर मुके होणार, आणि खाली नाव कोणाचं? बायको म्हणाली, "खरं काय ते लिहून टाका." दोन तास बसून लिहिलं: "सेन्सर मी पाहिलाच नव्हता. साऱ्या जगाची माफी मागतो."

पाच मिनिटांत त्या सज्जनाचं उत्तर. "केलेलं परत सुलट करतो. जगाची काळजी नको. हा प्रिंटर वापरणारा आम्हाला आजवर एकच माणूस भेटलाय. तुम्ही."

घ्या! जग बुडवायला निघालो... तर त्यालाही गिऱ्हाईक नाही!