लाल शाईतलं सगळं घ्यायचं

मी विलास, मूळचा कोंडाण्याच्या बाजूचा, दहिवलीत येऊन तीस वर्षं झाली आणि तिसाची तीस एकाच छापखान्यात गेली, आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचो, मंग शेठनी कॉम्प्युटर आणला तवा ते पण शिकलो. आमी बौद्ध, आजानं छप्पन साली दीक्षा घेतली. आता तुमी इचारणार, बौद्ध माणसाचा नि कॅथलिक मासिकाचा काय संबंध, तर काय सांगू तुमाला, मला पण तो नीट उमगलेला नाय.

मासिकाचं नाव उघडं दार. काढलं अंतोन सरांनी, खालापूरकडच्या शाळेतून रिटायर झालेले, कडक माणूस, पण चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवायचे नाय. त्यांच्या चर्चमागं कबरस्तानासाठी जुन्या लोकांनी दिलेली जागा होती, सरांचे आईबाप तिथंच पुरलेत, आणि राहिलेली मोकळी जागा चर्चच्या वरच्या लोकांनी बंगलेवाल्याला द्यायची ठरवली, गावात कोणाला इचारलं नाय. सरांनी चर्चच्या पत्रकासाठी लिहून दिलं, ते आलंच नाय छापून. मंग सर बोल्ले, आपलंच काढू, कोणाची परवानगी नको, आणि आले आमच्याकडे.

मी त्यांना इचारलं, सर, येवढं पटत नाय तर सोडून द्या ना, आमी नाय का सोडलं. ते बोल्ले, विलास, घर गळतं म्हणून कोण घर सोडतो का रं, कौलं शाकारायची. आमचं तर ते घरच आमचं नव्हतं. पण सरांचं बोलणं खोटं पण वाटंना, तवापासून डोक्यात हा गुंता हाय.

तर पहिला अंक जुळवून झाला आणि नेमका सरांचा मोतीबिंदू काढला, डोळ्याला पट्टी. फोनवर बोल्ले, मला काय दिसत नाय, प्रूफ कोणा जाणत्याकडून तपासून घे, रविवारी वाटायचंय. आता जाणता कोण? चर्चचं पत्रक पण आमच्याकडंच छापायचं, आठ वर्षं त्याचं प्रूफ तिथले फादर तपासायचे, लाल पेनानं, एक काना सुटायचा नाय. मी आपला पत्रकाचं आणि मासिकाचं, दोन्ही प्रूफं एकाच पिशवीत घालून फादरांना देऊन आलो. हसू नका. टायपिंग करताना मी वाचत नाय हो, बोटं वाचतात. चर्चचं मॅटर, चर्चमधला शिकलेला माणूस, मला तर हुशारीच वाटली माजी.

दोन दिवसांनी प्रूफ परत आलं. चुका काढलेल्या, आणि कबरस्तानाच्या लेखाखाली जागा रिकामी होती तिथं लाल पेनानं फादरांच्या चार ओळी, अशा: मला हे आधी कळवलं होतं. मी विरोधाचं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. त्यानंतर मी गप्प बसलो. ती माझी चूक. खाली फादरांची सही. आमच्या धंद्यात नियम एकच, लाल शाईतलं सगळं घ्यायचं, इचारत बसायचं नाय. मी घेतलं. सही होती म्हणून नाव पण टाकलं.

रविवारी चर्चच्या गेटवर अंक वाटले. सोमवारी सर पट्टी लावूनच छापखान्यात, मुलीचा हात धरून. मुलीनं अंक वाचून दाखवलेला, इचारलं, फादरांनी हे तुला छापायला दिलं? मी सांगितलं काय झालं ते. सर स्टुलावर बसले, बोल्ले, अरे, ते मला लिहिलं असंल रं, खाजगी.

पण आधी घाबरणारे लोक पण फादरांचं नाव बघून विरोधाच्या अर्जावर सह्या करायला पुढं आले, जागेचा व्यवहार थांबला, अजून थांबलेलाच हाय. आणि फादरांची बदली झाली, लांब, आदिवासी पाड्यावर, तब्येत बरी नसताना. मला भेटले पण नाय. आता मी चांगलं केलं का वाईट? बायको बोलते, अवो, सुटला ना तो विषय, किती उगाळता. सुटला कुठं? दर महिन्याला अंक लावायला बसलो की तेच.

गेल्या महिन्यात फादर आले. रिटायर झालेत, काठी टेकत, छापखान्याच्या पायरीवर बसले, चहा घेतला. मी हात जोडले, बोल्लो, फादर, माजी चूक झाली, माफ करा, पण एकदाच सांगा, ते छापायला लिहिलं होतं का सरांना? त्यांनी कप पायरीवर ठेवला. मंग बोल्ले, विलास, मी लाल पेन हातात घेतलं की तू काय करणार हे मला आठ वर्षं माहीत होतं. निळं पण टेबलावरच होतं. मी लाल का उचललं, हे मी रोज प्रार्थनेत इचारतो, मला पण कळत नाय.

मी त्यांना रिक्षात बसवलं, जय भीम केला, त्यांनी माज्या डोक्यावर हात ठेवला. कुठंही असोत, सुखात राहोत. मला वाटलं होतं, खरं काय ते एका माणसाला तरी माहीत असंल.