उभ्यानं हाकली

शालूबाई : मग ही चड्डी कुणाची म्हणायची? गाडीत, कडब्याखाली, घडी घालून ठिवलेली. खाकी.

दत्तोबा : ठिव ती खाली.

शालूबाई : आदी सांगा. आपल्या भाजे गावात पोलिसाबिगर खाकी चड्डी कुणी घालत न्हाई. लगीन झाल्यापासनं तुमाला धोतराबिगर मी बघितलेलं न्हाई. आन वास बघा हिचा. घासलेटाचा बी न्हाई.

दत्तोबा : पेट्रोलचा हाय.

शालूबाई : कशाचा?

दत्तोबा : मोटारीला पाजत्यात त्ये. शालू, खाली बस. मी लोणावळ्याला गवत भरायला जातो म्हणून सांगत व्हतो न्हवं? गवत भरत न्हवतो. तितं एका पेन्शनीत निघालेल्या हवालदारानं लॉरी शिकवायची साळा काढलीया. तीन आठवडं झालं, तितं जातो. धोतर पायात अडकतंय, म्हणून ही चड्डी.

शालूबाई : लॉरी? माझ्या महिपतीला चिरडलं, ती?

दत्तोबा : ती न्हवं. तसलीच.

शालूबाई : अवो, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? चव्वेचाळीस वरसं उलटली, मिशा पिकल्या, आन आता साळंत? त्ये बी असल्या? माझा पाठचा भाऊ ज्या लॉरीखाली गेला, तिच्या पोटात जाऊन बसता आन घरी येऊन माझ्या हातची भाकरी खाता.

दत्तोबा : लढाई लागल्यापासनं सारा माल लॉरीनं जातोय. मळवलीच्या ठेशनावर बैलगाडीला महिन्यातनं चार खेपा गावत न्हाईत. पलटणीच्या ठेकेदाराला डायवर पायजेत, त्यो वय इचारत न्हाई. वाटलं, उरलेली वरसं तरी धड जातील. तुला सांगितलं आसतं तर तू उंबऱ्याभाईर पाऊल टाकू दिलं नसतंस.

शालूबाई : नसतंच दिलं.

दत्तोबा : पयल्या दिवशी त्यो हवालदार, आमचा उस्ताद, म्हणला, थांबव. म्या त्ये चाक दोनी हातांनी छातीकडं वडलं आन म्हणलं, 'हो, हो'. कासरा वडावा तसं. लॉरी गेली थेट गवताच्या गंजीत. उस्ताद म्हणला, आबा, हिला कान न्हाईत.

शालूबाई : मला हसू येत न्हाई.

दत्तोबा : मी तरी कुटं हसतोय? आज झालं त्ये सांगाया तोंड उघडतोय, आन भलतंच भाईर पडतंय.

शालूबाई : काय झालं आज? कुणाला उडवलं का?

दत्तोबा : न्हाई. वाचली.

शालूबाई : कोण वाचली?

दत्तोबा : एक म्हातारी. वळवणच्या अंगाला, डोक्यावर मोळी घेऊन चाललीवती. आज पयल्यांदाच लॉरीत धोंडं भरलं व्हतं, भरल्या गाडीची सवय व्हावी म्हणून. उताराला लागलो आन म्हातारी एकदम मधी आली. म्या ब्रेक दाबला. पायाखाली पट्टी आसती, ती दाबली की लॉरी थांबती. न्हाई थांबली, शालू. पुन्ना दाबला. ती आपली चाललीच. मग मी उभा राहिलो.

शालूबाई : उभं? चालत्या लॉरीत?

दत्तोबा : त्या पट्टीवर. साऱ्या अंगाचा भार घालून, चाक धरून, ताठ. डोस्कं टपाला आपटलं. तरी बी लॉरी हितनं त्या चिंचंपतूर गेली. म्हातारी मोळी टाकून कडंला पडली म्हणून वाचली. उठली, माझ्याकडं हात केला आन म्हणली, 'मुडद्या, उभ्यानं हाकतोस व्हय रं?'

(शालूबाईच्या हातातली चड्डी गळून पडते.)

शालूबाई : ह्ये तर तुमी म्हणला व्हता. कोर्टात.

दत्तोबा : व्हय. ह्येच.

शालूबाई : 'देवाची आण घेऊन सांगतो, त्यो लॉरीवाला फकरुद्दीन उभ्यानं हाकत व्हता.' मी मागं बसलीवती. मला पाठ हाय.

दत्तोबा : त्या दिशी कार्ल्याच्या उतारावर महिपती माझ्या बैलांच्या म्होरं चालत व्हता. मी वर बघितलं, तर फकरुद्दीन लॉरीत ताठ उभा. आता तूच सांग, गाडीवाला उभा कवा ऱ्हातो? शर्यतीत. बैलं उधळवायची आसली म्हंजी. बसून कुणी बैल पळवत न्हाई. मला ठावं त्ये येवढंच. मला वाटलं, माजलाय, उभ्यानं पळवतोय. कोर्टात त्यो हात जोडून सांगत व्हता, 'सायेब, मी ब्रेकवर उभा व्हतो.' म्या म्हणलं, खोटं बोलतोय. थांबवायची आसती तर 'हो' म्हणल्यासरशी थांबली नसती का?

शालूबाई : गप बसा.

दत्तोबा : गप कसा बसू? चाळीस गावात गाडी हाकावी तर दत्तोबानं, असं माझं नाव. माझ्या शबदावर त्येला वरीसभर जेल झाली. लायसन गेलं. कार्ल्याचा चांगला डायवर, आज सडकंवर खडी फोडतोय.

शालूबाई : मी म्हणते, गप बसा. तीन वरसं म्या त्येच्या नावानं बोटं मोडली. त्येची बायकू मेहमुदा बाजारात दिसली की मी वाट अडवायची. गेल्या बाजारी म्हणलं, 'तुझा नवरा जित्ता हाय, माझा भाऊ मातीत गेला. तुझी चूल पेटतीच कशी?' ती खाली मान घालून कांदं निवडत ऱ्हायली. एक शबुद बोलली न्हाई. मला वाटलं, पाप खातंय तिला, म्हणून गप हाय.

दत्तोबा : तिला खरं ठावं व्हतं. आयकणारं कुणी न्हवतं.

शालूबाई : मग माझ्या महिपतीला मारलं कुणी?

दत्तोबा : कुणीच न्हाई. उतार व्हता. लॉरी भरलेली व्हती.

शालूबाई : कुणीच न्हाई म्हणता. अवो, दात खायाला एक माणूस तरी व्हता मला. तेवढ्यावर मी उठत व्हते, बसत व्हते. तुमी त्यो बी काढून घेतला.

दत्तोबा : उस्ताद म्हणला, आबा, घरी जावा, पानी प्या, उद्या या. हात बसलाय तुमचा, महिन्यात लायसन मिळंल. मला वाटलं, माझ्यापायी एकाचं लायसन गेलं, आन मी माझं काढायला चाललोय. म्या म्हणलं, आदी एका माणसाला भेटायचंय.

शालूबाई : भेटून काय सांगणार?

दत्तोबा : माझी साक्ष चुकली, असं सायबाम्होरं लिवून देतो म्हणणार.

शालूबाई : खोट्या साक्षीला सजा आसती. गावात छी-थू व्हईल. ठेकेदार मग तुमाला दारात तरी उभं करंल का? बैलाला काम न्हाई, आन लॉरी बी जायची.

दत्तोबा : जाईल. त्ये ठावं हाय मला.

शालूबाई : ठावं आसून चाललाय.

दत्तोबा : त्या म्हातारीचं डोळं बघितलं म्या. आज ती मेली आसती, तर तिच्या माणसांनी माझ्यावर तीच आण घेतली आसती, उभ्यानं हाकत व्हता म्हणून. आन त्यातलं कुणी खोटं बोललं नसतं. मी बी खोटं बोललो न्हवतो, शालू. बघितलं तेच सांगितलं. मला भ्या वाटतंय त्ये ह्येचंच.

शालूबाई : कवा निघणार?

दत्तोबा : आत्ताच. दिस हाय तवर. चालतच जातो कार्ल्याला.

शालूबाई : चालत कशाला? गाडी जुंपा. मी बी येते.

दत्तोबा : तू कशाला? साक्ष म्या दिली.

शालूबाई : शिव्या म्या दिल्या. मेहमुदाला काय तोंड दावू त्ये मला कळत न्हाई, पर आता घरात बसवत बी न्हाई. उठा. ती चड्डी ठिवते मी आत, खुंटीला.

दत्तोबा : शालू, त्येच्या दारापतूर जाईन आन माझा धीर सुटंल गं. तसाच फुडं निघून गेलो तर?

शालूबाई : बैलं हायेत. 'हो' म्हणलं की थांबत्यात. मी म्हणीन.